गोंदियाला न जाता
छोट्या लेथवरील मिलिंग : प्रस्तावना

दिवाळीच्या आगेमागे सालेकसा तालुक्यात धानाची कापणी सुरू होते आणि त्याच सुमारास शाफ्ट तुटायला लागतात. वर्षाचा मोठा भाग ताडपत्रीखाली पडून असलेला थ्रेशर एकदम दिवसरात्र चालतो, गावातल्या हलरपुढे पोत्यांची रांग लागते, आणि मधल्या काळात गंज खाऊन बसलेली पुली शाफ्टवर नुसतीच गरगरते. आतली चावी झिजलेली असते किंवा चावीची खाच खाऊन रुंद झालेली असते. नवा शाफ्ट करणे अवघड नाही. ब्राइट बार आणायचा, बेअरिंगच्या मापाला टर्निंग करायचे, दोन्ही टोकांना फेसिंग मारायचे. छोटा लेथ असलेले वेल्डिंगचे दुकान आता बहुतेक तालुक्याच्या गावी सापडते. काम अडते ते त्या शेवटच्या खाचेपाशी. तिला मिलिंग मशीन लागते, निदान सगळे तसेच सांगतात, आणि मिलिंग मशीन गोंदियाला. साधारण चाळीस किलोमीटर. शाफ्ट खांद्यावर टाकून गाडी पकडायची, तिथे नंबर लावायचा, चहा प्यायचा, वाट पाहायची आणि अंधार पडता पडता परत यायचे. एका खाचेला एक दिवस जातो. हंगामातला तो एक दिवस किती महाग पडतो, हे हलरवाल्याला विचारा.

तो दिवस वाचावा म्हणून हे पुस्तक लिहिले आहे.

हाजरा धबधबा आणि कचारगडची यात्रा यांच्यामुळे सालेकसा हे नाव बाहेरच्यांच्या कानावर असते. मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे स्टेशन. पुढे दरेकसाचा घाट आणि त्यापलीकडे छत्तीसगड. धान, जंगल, तेंदूपत्ता यांवर चालणारा हा मुलूख. इथल्या माणसाला यंत्र लागते ते शेतीपुरते आणि गिरणीपुरते, पण जे लागते ते वेळेवर लागते. मी सालेकसा समोर ठेवून लिहिले असले तरी देवरी, कुरखेडा, भामरागड इथला वाचक मला तितकाच जवळचा आहे. आणि आणखी एक वाचक आहे, ज्याला विसरून चालणार नाही : नागपूर-पुण्यात घराच्या मागच्या खोलीत टेबलावर छोटा लेथ मांडून बसलेला हौशी माणूस, निवृत्त फिटर, शाळेतला प्रयोगवेडा शिक्षक. त्याची अडचण वेगळी नाही. मिलिंग मशीन घ्यायला पैसा लागतो, ठेवायला जागा लागते, बऱ्याचदा थ्री फेज लागते, आणि वर्षातून वापर होणार दहा-वीस वेळा.

आता मूळ मुद्दा. लेथवर जॉब फिरतो आणि टूल जागेवर राहून सरकते. मिलिंगमध्ये कटर फिरतो आणि जॉब त्याच्यासमोरून सरकतो. फरक एवढाच. लेथकडे फिरणारा स्पिंडल आहे, त्याला बेअरिंग आहेत, मोटर आहे, वेग बदलायची सोय आहे. कॅरेज बेडच्या दिशेने सरकते, क्रॉस स्लाइड आडवी सरकते. मग कटर स्पिंडलमध्ये धरा, टूलपोस्ट काढून जॉब क्रॉस स्लाइडवर बांधा, झाले मिलिंग मशीन. फक्त एक हालचाल कमी पडते. जॉब वर-खाली करता येत नाही. या पुस्तकातल्या सगळ्या युक्त्या, सगळी पॅकिंग, सगळे अँगल, व्हर्टिकल स्लाइड नावाचा तो स्क्रूवर वर-खाली होणारा जोड, हे सारे या एका उणिवेची भरपाई आहे. एवढे ध्यानात ठेवले तर पुढची प्रकरणे पाठ करावी लागणार नाहीत.

याला कोणी जुगाड म्हटले की मला राग येतो. मिलिंगच्या इतिहासात लेथ आधी आहे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास स्लाइड रेस्ट असलेला, आटे पाडणारा लेथ पक्क्या स्वरूपात आणला. त्याच्याच कारखान्यात १८२९ ते १८३१ या काळात जेम्स नॅस्मिथ नावाचा तरुण काम करत होता. जहाजाच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती चालली होती आणि तिला षट्कोनी डोक्याचे बारीक बारीक नट हवे होते. हाताने कानस मारून सहा बाजू सारख्या येईनात आणि वेळ मात्र भरमसाट जाई. नॅस्मिथने छोट्या लेथलाच कामाला लावले : फिरणारा कटर, आणि सहा ठिकाणी थांबणारी चकती, तिच्यावर नट. एक बाजू कापली की चकती एक घर पुढे. अमेरिकेत एली व्हिटनीचे नाव मिलिंगशी जोडतात, त्यावर वाद आहेत, आणि सर्व कोनांत वळणारे युनिव्हर्सल मिलिंग मशीन जोसेफ ब्राउनने १८६२ साली केले, ड्रिलच्या पिळदार खाचा पाडण्यासाठी. म्हणजे आज गोंदियात ज्या मशीनपुढे आपण नंबर लावतो, ते वेगळे निघण्याच्या कितीतरी आधी लेथवर बाजू पाडणे चालू होते.

इंग्लंडात ही परंपरा घरगुती वर्कशॉपांनी टिकवली. ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक १८९८ साली सुरू झाले आणि त्याच्या वाचकांकडे बहुधा एकच यंत्र असे. मायफोर्ड कंपनीने १९४६ साली एमएल-७ हा छोटा लेथ बाजारात आणला. त्याच्या क्रॉस स्लाइडला वरून टी आकाराच्या खाचा आहेत, त्या नुसत्या टूलपोस्टसाठी नाहीत. जॉब बोल्टने बांधता यावा म्हणून आहेत. ट्यूबल केन या टोपणनावाने लिहिणारे टॉम वॉल्शॉ यांचे तर लेथवरच्या मिलिंगवर स्वतंत्र पुस्तक आहे. आपल्याकडे नागपूरहून निघणाऱ्या ‘उद्यम’ मासिकाने घरच्या घरी करायच्या उद्योगांची माहिती मराठीत दिली. किर्लोस्करांनी १९४१ साली हरिहरला कारखाना काढून देशी लेथ केले. पंजाबात बटाला, गुजरातेत राजकोट इथून स्वस्त, जड, बेल्टवर चालणारे लेथ गावोगाव पोचले. यंत्र गावापर्यंत आले, पण त्या यंत्राकडून काय काय काम घेता येईल, ते मराठीत कुणी पुरेसे लिहिले नाही, आणि ही उणीव मला जास्त टोचते. पुण्याजवळ पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला तो या विचाराने की खेड्यातल्या मुलाला वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती असे सगळेच थोडे थोडे हाताने करता यावे. २००२ मध्ये तिथे फॅब लॅब आली, संगणकावर चालणारी यंत्रे आली. ते उत्तमच. पण सालेकसाच्या दुकानात जे उभे आहे तो साडेचार फुटी लेथच आहे, आणि त्याच्यापासूनच सुरुवात करायला हवी.

आयटीआयने एक गोष्ट नकळत बिघडवली आहे असे माझे मत आहे. टर्नर हा एक ट्रेड, मशिनिस्ट हा दुसरा. टर्नरने लेथ चालवायचा, मशिनिस्टने मिलिंग, शेपर, ग्राइंडिंग. मोठ्या कारखान्यात ही वाटणी ठीक आहे. पण टर्नर गावी परतून स्वतःचे दुकान टाकतो तेव्हा ही वाटणी त्याच्या डोक्यात बसलेली असते, आणि गिऱ्हाईक खाच मागायला आले की तो आपोआप म्हणतो, ‘ते आपलं काम नाही.’ लेथ तोच, हात तोच. अडसर फक्त सर्टिफिकेटवरच्या शब्दाचा.

आता एक खाच नीट पाहू. अठ्ठावीस मिलिमीटरचा शाफ्ट घेऊ. या जाडीला चावी ८ मिलिमीटर रुंद आणि ७ उंच असते. शाफ्टमध्ये तिची खाच ४ मिलिमीटर खोल, पुलीत ३.३. बेरीज ७.३ होते, चावीची उंची ७, म्हणजे वर केसाएवढी जागा मोकळी राहते आणि चावी बाजूंनीच ओढते. जुने मेस्त्री हे मापाचे कोष्टक पाहत नाहीत, ‘व्यासाची चौथाई’ म्हणतात, आणि तेही फारसे चुकत नाही. कटर ८ मिलिमीटरचा, दोन दातांचा, म्हणजे ज्याला दुकानदार स्लॉट ड्रिल म्हणतो. तो मधोमधही कापतो, म्हणून सरळ खाली उतरवता येतो. चार दातांच्या एंड मिलला बहुतेक वेळा ते जमत नाही. शाफ्ट क्रॉस स्लाइडवर आडवा, बेडला काटकोनात ठेवायचा, आणि त्याचा मध्य बरोबर स्पिंडलच्या मध्याच्या उंचीवर आणायचा. इथे वर-खाली हालचाल नाही, म्हणून पॅकिंग. खाली सरळ लोखंडी पट्ट्या, वर व्ही ब्लॉक किंवा सरळ केलेला अँगल, आणि शेवटचा फरक भरायला पातळ पत्रा. उंची पाहायची सोपी रीत अशी : हेडस्टॉकमध्ये टोकदार सेंटर लावा, शाफ्टच्या टोकावर मध्य आधीच ड्रिलने पाडलेला असतो, शाफ्ट तात्पुरता फिरवून ते टोक त्या भोकात नेमके बसते का पाहा. बसले की उंची झाली. मग शाफ्ट आडवा करून क्लॅम्प आवळा.

कटरला पृष्ठभाग कुठे लागतो हे कळायला पातळ कागद वापरतात. इंग्रजी पुस्तके सिगारेटचा कागद सांगतात, तो साधारण एक थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जाड असतो. आमच्या बिडीच्या मुलखात तो सहज मिळत नाही आणि तेंदूचे पान या कामाला चालत नाही, दोन पाने सारख्या जाडीची नसतात. कोणताही पातळ कागद घ्या, एकदा मायक्रोमीटरने मोजा आणि त्याची जाडी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवा. ओला कागद शाफ्टवर चिकटवायचा, कटर फिरता ठेवून कॅरेज हळूहळू पुढे न्यायची, कागद ओढला गेला की डायलवर शून्य धरायचे.

मग कापायचे. माइल्ड स्टीलला हायस्पीड कटरसाठी मिनिटाला पंचवीसेक मीटर वेग धरला तर ८ मिलिमीटरच्या कटरला साधारण हजार फेरे येतात. छोट्या लेथवर एका वेळी अर्धा मिलिमीटर, त्याहून जास्त नको. क्रॉस स्लाइड हळू फिरवत खाचेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, मग कॅरेज अर्धा मिलिमीटर आत, मग परत. आठ पासांत ४ मिलिमीटर. तेलाचा थेंब टाकत राहायचा. पडणारा कीस टर्निंगसारखा लांब कुरळा नसतो. बारीक, सुईसारखा, उडणारा असतो. तो बेडवर पडला तर कॅरेजखाली जाऊन बेड खरवडतो. बेड झाकायचा तो पत्र्याने, कधीही कापडाने नाही.

हे वाचून कोणी म्हणेल, कटर धरायचा कशात? थ्री जॉ चकमध्ये, आणखी कशात. इथेच बहुतेक कामे बिघडतात. कटरची दांडी कडक असते, चकचे तीन जबडे तिला तीन रेघांवर धरतात, आणि कटरचा पीळ असा असतो की कापताना तो स्वतःला जॉबकडे ओढतो. दात लागतात-सुटतात, चक थरथरतो, आणि कटर केसभर केसभर करत पुढे सरकत जातो. खाच सुरुवातीला ४ मिलिमीटर आणि शेवटी साडेचार. मोजणारा डायलला दोष देतो, डायल बिचारा बरोबर असतो. शिवाय चक जुना असेल तर कटर गोल न फिरता थोडा डुलतो आणि ८ मिलिमीटरची खाच सव्वाआठची होते. उपाय साधा आहे. स्पिंडलच्या मोर्स टेपरमध्ये बसणारा होल्डर करून घ्यायचा, कटर त्यात दोन ग्रब स्क्रूने धरायचा, आणि होल्डरला मागून, पोकळ स्पिंडलमधून लांब बोल्ट घालून ओढून ठेवायचे. ड्रिलिंगमध्ये टेपर नुसता दाबून बसतो, कारण जोर मागे असतो. मिलिंगमध्ये जोर पुढे आहे आणि थरथर आहे, मागचा बोल्ट नसेल तर टेपर सुटणार. हा होल्डर तुम्ही तुमच्याच लेथवर टर्निंग करून बनवू शकता; त्याचे ड्रॉइंग तिसऱ्या प्रकरणात दिले आहे. माझ्या मते साऱ्या पुस्तकात उपयोगाचे काही असेल तर ते हे एक ड्रॉइंग.

दुसरी अडचण ढिलेपणाची. टर्निंगमध्ये टूलचा दाब एका दिशेने सतत असतो, त्यामुळे स्लाइडमधला ढिलेपणा एका बाजूला दबून राहतो आणि आपल्याला दिसत नाही. मिलिंगमध्ये दर दाताला दाब बदलतो. वर्षानुवर्षे चाललेल्या लेथच्या क्रॉस स्लाइडचा स्क्रू मागेपुढे पाव फेरा सहज मोकळा असतो. कटर जर जॉबला सरकण्याच्या दिशेनेच ओढत असेल तर तो तेवढी मोकळी जागा एका झटक्यात खाऊन टाकतो, दात जॉबमध्ये घुसतो, आणि मग एक तर कटर मोडतो किंवा शाफ्ट क्लॅम्पमधून उपटतो. म्हणून छोट्या लेथवर नियम पक्का : जॉब नेहमी कटरच्या दातांविरुद्ध सरकवायचा. पूर्ण रुंदीची खाच कापताना दोन्ही बाजू सारख्याच असतात, तिथे हा प्रश्न येत नाही. पण कटरच्या खालच्या बाजूने जॉबचा वरचा पृष्ठभाग कापत असाल तर लेथ सरळ फिरताना खालचे दात तुमच्यापासून दूर जातात, म्हणून स्लाइड स्वतःकडे ओढत आणायची. जॉब कटरच्या वर असेल तर उलट. दोनदा करून पाहिले की हाताला कळते. त्याच्या जोडीला गिब पट्टी आवळा, जी स्लाइड त्या वेळी हलवायची नाही ती लॉक करा. कॅरेज लॉक करायचा बोल्ट पुष्कळ लेथवर रंगाखाली दबून गेलेला सापडतो, तो शोधा.

विजेबद्दल दोन शब्द, कारण शहरातली पुस्तके हा विषय घेत नाहीत. पाणी सोडायच्या वेळेला सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की व्होल्टेज बसते. टर्निंग करताना मोटर दमली तर वेग मंदावतो, तेवढेच. मिलिंग करताना कटर जॉबमध्ये असतानाच मोटर बसली आणि हात मात्र स्लाइड फिरवत राहिला तर कटर गेला. आवाज बदलला की आधी हात थांबवायचा. बाकी स्टॅबिलायझरची चर्चा इथे नको.

आता एक गोष्ट जी गोंदियाला जाणाऱ्यांपैकी अनेकांना ठाऊक नसते. शाफ्टवरची खाच मिलिंगवर होते, पण पुलीच्या आतली खाच मिलिंग मशीनवर होतच नाही. तिथे स्लॉटिंग मशीन किंवा ब्रोच लागतो. म्हणजे अर्धे काम तिथेही दुसऱ्या यंत्रावर जाते. लेथवर मात्र ते एका युक्तीने होते : पुली चकमध्ये धरायची, स्पिंडल फिरू नये म्हणून अडकवून ठेवायचा, बोअरिंग बारला ८ मिलिमीटर रुंद टूल आडवे लावायचे आणि कॅरेज हाताने पुढे-मागे नेत रंधा मारावा तसे खरवडत न्यायचे. मोटर बंद. दर फेरीला पाच शतांश मिलिमीटर आत. ३.३ मिलिमीटरला साठ-सत्तर फेऱ्या होतात, हात भरून येतात, पण खाच सरळ आणि मापाची निघते. काही मेस्त्री याला नाक मुरडतात, रॅक झिजतो म्हणतात. रोज पन्नास पुल्या केल्या तर झिजेलही. महिन्याला चार करणाऱ्याने ती चिंता करू नये. शाफ्टवरची खाचही अशीच पाडता येते, तिच्या बंद टोकाला आधी एक भोक पाडून, म्हणजे टूलला कीस तोडून बाहेर पडायला जागा मिळते. लेथ फार जुना, स्पिंडल ढिला, कटर नाही, अशा ठिकाणी मी मिलिंगपेक्षा हीच रीत सांगेन. मिलिंगवरच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत हे म्हणणे विचित्र वाटेल, पण गिऱ्हाइकाला खाच हवी असते, ती कशी पाडली याच्याशी त्याला देणेघेणे नसते.

हलरच्या बेअरिंग हाउसिंगवर सहावे प्रकरण आहे, त्याबद्दल इथे एवढेच सांगतो की ते काम लेथ मिलिंग मशीनपेक्षाही चांगले करतो. हाउसिंग क्रॉस स्लाइडवर बांधायचे, बोअरिंग बार दोन सेंटरमध्ये फिरवायचा, कॅरेजला ऑटो फीड द्यायचा. भोक बेडला समांतर येणारच, चुकायला वाव नाही. वाफेच्या इंजिनांचे सिलिंडर हौशी लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या असेच बोअर केले आहेत. चकमध्ये न मावणारा जॉब लेथवर होत नाही, ही समजूत या एका कामाने जाते.

दात आणि बाजू पाडण्याचे प्रकरण मात्र लांबले आहे, मुद्दाम. षट्कोन, चौकोन, स्प्लाइन, छोटी गिअरची चाके, यांना समान भाग पाडावे लागतात आणि डिव्हायडिंग हेड फार महाग. पण प्रत्येक लेथबरोबर आटे पाडायची चेंज गिअर येतात, ती अचूक भाग पाडलेली चकतीच असते. साठ दातांचे चाक स्पिंडलच्या मागच्या टोकाला पक्के बसवा आणि त्याच्या दातात अडकणारी स्प्रिंगची खुंटी करा. दहा दात मोजून सरकवले की षट्कोनाची पुढची बाजू, पंधरा सरकवले की चौकोनाची. दोन, तीन, चार, पाच, सहा, दहा, बारा, पंधरा, वीस, तीस, साठ, इतके भाग एका चाकात मिळतात. सातचा भाग मिळत नाही, त्याला दुसरे चाक. यात जॉब चकमध्ये राहतो, म्हणून कटर फिरवायला कॅरेजवर वेगळा छोटा स्पिंडल लागतो. हँड ड्रिलच्या मोटरवर तो चालवता येतो, पण फक्त पितळ, ॲल्युमिनियम आणि हलके काप यांसाठी. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ मध्ये चित्रपटाचा कॅमेरा देशातच तयार केला. फिल्म ओढणाऱ्या चाकाचे दात एकसारखे नसतील तर पडद्यावर चित्र थरथरते. त्या काळी, त्या गावात, ते काम उभे राहिले. मग आज साठ दातांचे तयार चाक हातात असताना आपण षट्कोनाला घाबरायचे कशाला?

काय करू नये, तेही सांगतो. लेथ आणि मिलिंग एकत्र असलेली तीन-कामांची यंत्रे आता टेबलावर बसतील अशी मिळतात. घेऊ नका. दोन्ही कामे अर्धवट करणारे यंत्र घेण्यापेक्षा त्या पैशात जड लेथ घ्या, पुढे व्हर्टिकल स्लाइड जोडा. तिरकस दातांची गिअर, मोठे डव्हटेल, कास्ट आयर्नचे रुंद पृष्ठभाग, हे या पुस्तकात नाही आणि छोट्या लेथवर ते करू नये. त्यासाठी गोंदिया आहे, नागपूर आहे. रुंद पृष्ठभागासाठी चकमध्ये एका टूलचा फ्लाय कटर लावून थोडेफार जमते. कटर पन्नास मिलिमीटर व्यासाचा असेल तर वेग दीडशे फेऱ्यांच्या आसपास ठेवा. लोक हजारावर चालवतात आणि टूल जळाले म्हणून टूलवाल्याला शिव्या देतात.

आणि दुपट्टा. आमच्याकडे मार्चपासून डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी बाहेर पडत नाही आणि दुकानात आल्यावर तो गळ्यात येतो. लेथ सुरू करण्याआधी तो खुंटीला टांगा. हातमोजे घालू नका, फिरणाऱ्या कटरजवळ ब्रश नेऊ नका, चकची चावी चकमध्ये सोडू नका. चष्मा घाला, मिलिंगचा कीस डोळ्याच्या दिशेने उडतो. पुस्तकात हे पुन्हा कुठे लिहिलेले नाही, इथे लिहिले ते पुरे समजा.

मापे मी मिलिमीटरमध्ये दिली आहेत, पण जुन्या लेथचे डायल इंचातले असतात आणि मेस्त्री सूत आणि थाऊत बोलतात, म्हणून शेवटी कोष्टक जोडले आहे. शब्दांच्या बाबतीत दुकानात जे बोलतात तेच ठेवले. चकला चकच म्हटले आहे, कटरला कटर. ज्यांना शुद्ध परिभाषा हवी त्यांनी दुसरे पुस्तक पाहावे.

वाचकाला एक विनंती. कटर विकत घ्यायला जाण्याआधी आपल्या लेथपाशी जा. क्रॉस स्लाइडचे हँडल मागेपुढे हलवून ते किती मोकळे फिरते ते डायलवर वाचा. चकमध्ये सरळ बार धरून डायल गेजने तो किती डुलतो ते मोजा. कॅरेजचा लॉक सापडतो का बघा. हे तीन आकडे कागदावर लिहा आणि मग तिसरे प्रकरण उघडा. होल्डर तयार होईपर्यंत चौथ्याकडे वळू नका.